अर्धा फॉर्म आणि चहा

रविवार, सकाळ. शिवलीलाअक्कांच्या साठीच्या अंकासाठी संपादकांनी लेख मागितला, त्याला तीन महिने झाले. इतके दिवस उत्तरही दिलं नाही, त्याबद्दल क्षमा मागतो. उशिराचं कारण पुढे येईल.

अक्कांची ओळख जुळे सोलापुरातल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत, माझ्या पहिल्याच दिवशी झाली. त्या टेस्टिंगच्या प्रमुख. गावोगावच्या आरोग्यसेविका टॅबवर बाळांच्या लसीच्या नोंदी करतात, ते सॉफ्टवेअर आमचं. अक्कांनी मला एक फॉर्म भरायला बसवलं आणि मध्येच म्हणाल्या, "चला, चहा घेऊ."

"फॉर्म अर्धा राहिलाय."

"म्हणूनच की."

चहा झाला. अक्कांनी सावकाश कप धुतले. परत येऊन मी 'जतन करा' दाबलं. लॉगिनची अर्ध्या तासाची मुदत संपली होती. टॅबने पुन्हा नाव-पासवर्ड विचारला आणि फॉर्म कोरा झाला. अक्का मूळच्या दुधनीच्या, घरी कानडी बोलणाऱ्या. म्हणाल्या, "टॅब वळख इसरला तर इसरू दे. पण बाईच्या हातातलं काढून टाकायचं न्हाय."

मुदत कमी करून तपासणं त्यांना आजही मान्य नाही. अर्धा तास म्हणजे अर्धा तास थांबायचं. ऑफिसात या तपासणीला 'चहा' म्हणतात. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या आठवड्यात माझे सगळे 'चहा' अक्कांनी केले. मला ते महिन्याभराने कळलं.

माढ्याकडची आरोग्य केंद्रं सॉफ्टवेअरला जोडताना मी घाई केली. आमचं काम तीन सर्व्हरवर वाटलेलं असतं. मी एकाच सर्व्हरवर, मुदत एक मिनिटावर आणून तपासलं. अर्धा फॉर्म टिकला, म्हणून 'पास' लिहिलं. अक्का तिन्ही सर्व्हरसाठी पूर्ण वेळ थांबल्या. तिसऱ्याला मुदत संपल्याचं उशिरा कळत होतं. तेवढ्यात त्याच टॅबवर दुसऱ्या सेविकेने लॉगिन केलं, तर पहिलीचा फॉर्म तिच्या नावावर जतन होत होता. एका गावचं बाळ दुसऱ्या गावच्या यादीत गेलं असतं आणि लसीला मुकलं असतं.

"काय ओ, चहा न पिताच ढेकर दिला व्हय?" अक्का एवढंच बोलल्या.

दुरुस्ती मी केली. अहवाल माझ्या लॉगिनमधून गेला, त्यामुळे 'दोष कोणी शोधला' या रकान्यात माझं नाव पडलं. मी सांगितल्यावर अक्का म्हणाल्या, "राहू द्या की. तुमी नवीन हायसा." वरिष्ठांनी कौतुक केलं, ते मी ऐकून घेतलं. हा लेख दरवेळी इथेच अडला. आज लिहितोय ते अक्कांसाठी की स्वतःच्या सुटकेसाठी, हे मला नक्की सांगता येत नाही. मात्र महिनाअखेर अक्का निवृत्त होतील, त्यांचं लॉगिन बंद होईल, आणि मग त्या रकान्यात त्यांचं नाव निवडताही येणार नाही.

अक्कांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि चहानंतर सावकाश कप धुण्याची सवड कायम राहो.

उद्या: जुना अहवाल उघडून त्या रकान्यात अक्कांचं नाव घालणे.