कुंपणाबाहेरून पाहिलेलं पीक

"आपलं ग्रीन कार्ड अडकलंय आणि तू गांजाच्या शेतावर सुट्टीला चाललीस?" तिकीट बुक केल्याचं सांगितल्यावर माझ्या नवऱ्याचं, अमितचं, हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, गांजाच्या नाही, दादाच्या शेतावर चाललेय. सुधीरदादा माझा मामेभाऊ. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला, तो आणि मानसीवहिनी ओरेगॉनला. आयटीतली नोकरी सोडून गांजाची शेती करायला तो फ्रिस्कोहून तिकडे गेला, तेव्हापासून नातेवाइकांत त्याचं नाव दबक्या आवाजात घेतात.

अमितच्या समाधानासाठी आमच्या ग्रीन कार्डच्या वकिलीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "जा, भेटा, जेवा. पण झाडाला हात लावायचा नाही. कामात मदत नाही, फोटो नाही. राज्याने परवाना दिला असला तरी केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच आहे, आणि तुमची फाइल केंद्राकडे आहे." माझ्या टीममधला सिटिझन मुलगा दर वीकेंडला गांजाच्या गोळ्या घेतो आणि सोमवारी त्याची रसभरीत वर्णनं करतो. त्याला कोणी काही विचारत नाही. मी अकोल्याला कृषी शिकले, आता पोटासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, आणि मला पानाला बोट लावायची बंदी. माझं डोकं तिथूनच फिरायला लागलं.

शिकागोहून सकाळचं विमान घ्या, म्हणजे पोर्टलँडला उतरून उजेडात किनारा गाठता येतो. गाडी आधीच बुक करा, ऐनवेळी भाडं विमानाच्या तिकिटाला लाजवतं. कॉर्व्हॅलिसला पेट्रोल भरून घ्या आणि घरी कळवून टाका, कारण पुढे डोंगरात फोनची रेंज जाते. रस्ता मात्र सुंदर. दोन्ही बाजूंना उंच सूचिपर्णी झाडं, खोडांवर शेवाळ, आणि ऑक्टोबरात धुकं असं की हेडलाइट लो बीमवरच ठेवावा लागतो. वाटेत गांजाच्या दुकानांचे मोठमोठे बोर्ड दिसतात, डोनटच्या दुकानासारखे. विकणारे राजरोस, आणि पिकवणाऱ्याच्या घरी जाताना मी वकिलाला विचारून आलेले.

दादाचं शेत न्यूपोर्टच्या अलीकडे, एका खोऱ्यात. फाटकावर तोच उभा होता, दाढी पांढरी झालेली. वकिलीणबाईंची अट मी त्याला आधीच कळवली होती. "इथूनच बघ गं," म्हणाला. कुंपण उंच, लाकडी फळ्यांचं. रस्त्यावरून पीक दिसता कामा नये असा नियम. मी फाटकाबाहेर जॅकेटच्या खिशात मुठी घालून उभी राहिले आणि आत डोकावले.

झाडं बघून जीव सुखावला. गांजाच्या इंडिका जातीच्या अंगाचा वाण, म्हणून बुटकी, रुंद पानांची, गच्च तुऱ्यांची झाडं. लवकर तयार होतो म्हणून दादाने हाच निवडला, कारण इथे थंडीआधी पाऊस येतो. खत म्हणजे शेजारच्या गोठ्यातलं शेण आणि गांडूळखत. जीवामृतासाठी गूळ पोर्टलँडच्या इंडियन स्टोअरमधून. रसायनाचा थेंब नाही. तरी त्याला डबीवर 'ऑरगॅनिक' लिहिता येत नाही. तो शिक्का केंद्राचा, आणि केंद्राच्या लेखी हे पीकच बेकायदा. फवारलेली स्ट्रॉबेरी टेबलावर मिरवते आणि हा माणूस शेणात हात घालून गुन्हेगार.

"हे पीक गेलं तर जमीन विकायची," वहिनी जेवताना म्हणाली. ती गावातल्या दवाखान्यात नर्स आहे, घर तिच्या पगारावर चाललंय. "मग परत फ्रिस्को, परत कीबोर्ड." दादा भाकरी मोडत राहिला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात भाकरीचे, म्हणून त्याने स्पीकरवर टाकला. फ्रिस्कोच्या मराठी मंडळातले एक काका. गांजाच्या शेतीचं कळल्यावर, फ्रिस्को सोडण्याआधीच्या गणपतीत याच काकांनी दादा-वहिनीला सांगितलं होतं, की तुमच्या घरचे मोदक आणू नका, लोकांना बरं वाटत नाही. आता म्हणे, गुडघ्यासाठी ते तेल मिळतं ना तुझ्याकडे?

"काका, दुसऱ्या राज्यात पाठवता येत नाही. गुन्हा आहे," दादा शांतपणे म्हणाला.

"एवढंही करणार नाहीस? आपली माणसं ना आपण?"

मला फोन हिसकावून घ्यावासा वाटला. मोदक बाटतात आणि तेल चालतं. दादा म्हणाला, "जाऊ दे गं, गुडघा खरंच दुखत असेल." त्याचा हा चांगुलपणा मला अजून पचलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फाटकापाशी गेले. बाहेर धुकं सरकत होतं, माझे केस उडत होते, आणि आत एक पान हलत नव्हतं. नीट पाहिलं तर कुंपणाला आतून चारी बाजूंनी गोणपाट बांधलेलं.

"दादा, हे काय?"

"कूड घातलाय. समुद्राचा खारा वारा लागतो. बाबा पानमळ्याला घालायचे, आठवतं ना?"

आठवत होतं. अंजनगावला मामांच्या पानमळ्यात शिरलं की भर उन्हाळ्यात ओलं, गार वाटायचं. नागवेलीला तेच हवं असतं. या गच्च तुऱ्यांना तेच मारतं.

"दादा, हा पानमळा नाही. आतली ओल बाहेर कशी जाणार? तो मधला तुरा उघडून बघ."

त्याने उघडला. आत करडी बुरशी. त्याने दुसरा उघडला, तिसरा उघडला, आणि मग खालीच बसला. मी फाटकाची कडी धरून उभी. पाऊस त्याच दुपारी यायचा होता. मला त्याच्यावरही राग आला, मामांचं इतकं ऐकायचं असतं का म्हणून. पण जास्त राग त्या कडीचा आला, जी मला उघडता येत नव्हती.

"गोणपाट काढ," मी ओरडले. "खालची पानं खुड, हवा खेळू दे. झाडं हलवून दव पाड. सडलेलं आधी कापून वेगळं पिशवीत टाक. कात्री पुसत जा." हात लावायचा नाही असं वकिलीणबाई म्हणाल्या होत्या, तोंडाचं मी त्यांना विचारलंच नाही.

दुपारी पाऊस आला. वहिनी ड्युटीवरून तशीच, दवाखान्याच्या कपड्यांत धावत आली आणि दोघं भिजत तयार फांद्या कापून शेडमध्ये नेऊ लागले. मी चहा करून थर्मास फाटकापाशी ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. वायपर चालू ठेवला होता, दिसावं म्हणून. एकदा दार उघडून मी पाय बाहेर ठेवलाही. दादाने लांबूनच हात हलवला, बस म्हणून. मी बसले आणि रडले.

तिसऱ्या दिवशी न्यूपोर्टला गेलो, दादाचा आग्रह म्हणून. बंदरावर सी लायन्स भुंकत असतात, ते फुकट बघायला मिळतात. शाकाहारी असाल तर चाउडर नावाचं सूप टाळा, त्यात शिंपल्यांचं मांस असतं. त्याऐवजी इथल्या मॅरियनबेरी फळाचा गोड 'पाय' खा. मी खाल्ला, चव आठवत नाही. दादाच्या नखांत चीक काळा झाला होता, तो टेबलाखाली हात लपवत होता.

घरी आल्यावर अमितने माझं जॅकेट दोनदा धुतलं. वास गेला. पुढच्या आठवड्यात दादाचा फोन आला. अर्धं गेलं, अर्धं वाचलं. जमीन यंदा तरी विकत नाही. "तू आलीस म्हणून वाचलं," म्हणाला.

मग ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. ऑफिसर भला माणूस होता. ठरलेले प्रश्न भराभर विचारत गेला. गांजा कधी घेतलात, विकलात, त्याच्या धंद्यात काम केलंत? "नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. त्याने खूण केली आणि पुढे गेला. भाऊ पावसात भिजत होता तेव्हा तुम्ही कुठे होता, हे त्याने विचारलं नाही.