तोफेच्या साच्यावर फोडलेला नारळ

साच्याच्या तोंडातून वितळलेलं पोलाद छपरापर्यंत उसळलं, तेव्हा माझा मुलगा त्याच्याशेजारीच उभा होता. मी कोरखान्याच्या दारातून बघत होते. धूर झाला आणि तो दिसेना.

आमच्या फौंड्रीत मी वाळूचे कोर करते. ओतकामात जिथं पोकळी हवी तिथं कोर बसवतात. मुलगा तिथंच मिस्त्री आहे. रोज आम्ही पंपांचे भाग ओततो, या वेळी काम होतं युद्धनौकेच्या मोठ्या तोफेचं. नळी दुसरीकडे होणार होती, आम्हाला ओतायचा होता तिच्याखालचा पाळणा. तोफ उडाली की नळी मागे सरकते, ती या पाळण्यात.

पाळण्याचं डिझाइन करणाऱ्या साहेबाने जीव नकोसा केला होता. वजन वाढलं की जहाजाला जड होतं, म्हणून तो एक भिंत पातळ करायचा. पातळ भिंत धक्का सोसत नाही, म्हणून दुसरी जाड करायचा. जाड भिंत थिजताना आतून पोकळ पडते, असं मुलगा म्हणायचा. मग नवीन ड्रॉइंग. दर ड्रॉइंगला माझे तयार कोर फोडून टाकायचे.

“सायेब, लुगडं निवडाय बी बायका एवढा येळ लावत न्हाईत.”

“मावशी, लुगड्यातनं तोफ उडत नाही.”

शेवटी साहेबाचं आणि मुलाचं एका ड्रॉइंगवर जमलं. ओतायच्या आधी आम्ही नारळ फोडतो, पण भट्टीच्या पायाशी, साच्यापासून लांब. साच्यात पाणी राहिलं तर तापलेलं पोलाद उडतं. नव्या माणसांना हे मुलगाच शिकवतो. त्या दिवशी त्याने नारळ साच्याच्या पेटीवरच फोडला. पाणी तोंडातून आत गेलं. मी तेव्हा कोरखान्यात आत होते, ओतायला लागल्यावर दारात आले; नाहीतर तिथंच हात धरला असता.

धुरात साहेब शिरला आणि त्याला बखोटीला धरून ओढत घेऊन आला. मुलाचा हात भाजलेला, भुवया गेलेल्या.

“नारळ तितं कशाला फोडलास रं?”

“आये, तोफ हाय की. रोजचा पंप न्हाय.”

“म्हणून अक्कल भट्टीत घातलीस व्हय?”

साहेबाचा शर्ट पाठीवर जळाला होता. दम लागला होता, तरी म्हणाला, “मावशी, साचा तर गेलाच. आता ती डावी भिंत जरा पातळ करून बघू.”

मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

मुलगा जगला. साहेबही जगला.