पुढच्या चोरीचे गाव

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात दोर-कासरे विकणारा तो गृहस्थ मला एकदाच भेटला. माझ्या गुन्हेकथांच्या चित्रमालिकेचा ताजा अंक मांडीवर उघडा ठेवून तो नायलॉनचा कासरा वळत होता. पान उलटायचे झाले की कासऱ्याचे टोक पायाच्या अंगठ्यात धरी. ही मालिका मीच लिहितो, असे मी त्याला सांगितले. सांगताना मला अभिमान वाटला होता, हेही कबूल केले पाहिजे.

"तुमीच व्हय?" तो हसला. "लई झ्याक लिव्हता. चोर दर बारीला आमच्या माळावरच्या पालातलाच! सायेब, एक करा. पुढची चोरी कोन्त्या गावात हाय, तेवढं आदी कळवा. पोरं पावन्याकडं धाडून देतो. कुटं बी चोरी झाली की फौजदार आमचीच पोरं उचलतो. त्यो बी तुमचंच वाचत आसंल."

मी त्याच्याकडून एक कासरा विकत घेतला आणि निघालो.

पुढच्या अंकात मी चोर म्हणून साखर कारखान्याचा संचालक दाखवला. या खेपेची कथा मुळीच पटत नाही, असे वाचकांनी मोबाईलवर कळवले. खरे सांगायचे तर, लिहिताना मलाही ती पटली नव्हती.