रेडिओच्या लेकीची बट

रेडिओ बंद पडला तेव्हा माझ्या एका गालाची दाढी झाली होती आणि दुसऱ्या गालावर साबण वाळत होता.

रेडिओ म्हणजे आमच्या गल्लीतला न्हावी. कोणाचं लग्न कुठं फिसकटलं, कोणाचा जावई कामावरून का निघाला, सगळं तो सांगायचा. गळा त्याच्या वस्तऱ्याखाली असल्यामुळे ऐकणाऱ्याला मध्येच उठून जायची सोय नव्हती. स्वतःचं डोकं मात्र तुळतुळीत. "लोकांच्या केसांची गत बघून माझे घाबरून पळाले," म्हणायचा.

दुकानामागे त्याचं दोन खोल्यांचं घर, आणि घरामागे हातपंप. गल्लीत घरोघरी नळ आले, पण या गड्यानं घेतला नाही. "नळाचं पाणी म्हणजे पायपाचा गंज. हे बघा, कसं गारेगार आहे," म्हणत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात पेला. आम्ही दोन घोट घ्यायचो. घरची माणसं मात्र त्याच पाण्यावर जगत होती.

गल्लीच्या टोकाला कीटकनाशकांचा कारखाना होता. तो बंद पडून इतकी वर्षं झाली की त्याच्या भिंतीतून झाडं उगवली. एक दिवस आरोग्य खात्याच्या बाई आल्या. कारखान्याचं जमिनीत मुरलेलं विष माणसांपर्यंत पोचलंय का, ते त्यांना बघायचं होतं, आणि त्यासाठी हवे होते केस.

"पोटात गेलेलं आर्सेनिक केसांत उतरतं, काका," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आपला सोमल?" रेडिओचा हात थांबला.

"तोच. केस महिन्याला करंगळीच्या नखाएवढा वाढतो. मुळाकडचा भाग आत्ताचा, टोकाकडचा जुना. म्हणून बट अगदी मुळाशी कापायची आणि मुळाकडच्या बाजूला दोरा बांधायचा. आम्ही दोऱ्याकडून मोजतो."

गल्लीतली सगळी डोकी रेडिओच्याच हाताखालून जाणारी, तेव्हा काम त्यालाच मिळालं. त्यानं ते अगदी मान वर करून केलं. अडचण आली ती त्याच्या स्वतःच्या घरात. त्याच्या डोक्यावर कापण्याजोगं काही नव्हतं. बायकोची बट घ्यायला गेले, तर बाई म्हणाल्या, "रंगवलेले केस चालत नाहीत."

"माझे रंगवलेत असं कोणी सांगितलं तुम्हाला?" बायको म्हणाली, पण बघत होती रेडिओकडे. त्या दिवशी रेडिओनं बातम्या जरा आवरत्या घेतल्या.

राहिली लेक. लग्नाला आठ वर्षं झालेली, नवरा लांबच्या कामावर गेलेला, दिवस गेलेले, म्हणून ती माहेरी येऊन राहिली होती. केस कमरेखाली. बापाला तिनं कात्रीसकट दाराबाहेर काढलं. "बाबा, तुम्ही गप्पांच्या नादात अख्खी वेणी उतरवाल." मग आईनंच आत नेऊन तिची बारीकशी बट कापली आणि कागदात गुंडाळून बाईंच्या हातात दिली.

काही आठवड्यांनी बाई परत आल्या. इतरांचं ठीक होतं. लेकीच्या बटेत मात्र आर्सेनिक सापडलं होतं, बरंच.

रेडिओनं हातातला वस्तरा मिटून ठेवला.

"पण जुन्या भागात आहे, काका. मुळाकडे जवळपास नाहीच. म्हणजे इथं येण्याआधी कुठंतरी पोटात गेलंय. सध्या आहे तिथंच राहू दे तिला."

इथं येण्याआधी म्हणजे सासरी. घाबरलेल्या माणसाला बोट दाखवायला कोणी मिळालं की केवढा धीर येतो, ते मी त्या आठवड्यात पाहिलं. विहीणबाईंच्या स्वयंपाकघराची बातमी गल्लीभर झाली. "मी म्हणत नव्हतो? नळाचं पाणी." लेक चार दिवस सासरी जाऊन येते म्हणाली, तर यानं तिची पिशवीच लपवली. वर दिवसातून दहादा पेला पुढं. "पी अजून एक. सगळं धुऊन निघू दे. बाळाचंही."

तिला मळमळायचं, पोटात कळ यायची, तळपायांना मुंग्या यायच्या. "दिवस भरत आले की होतं असं," आई म्हणायची. ती बिचारी पेला रिकामा करायची.

आता माझ्या दाढीकडे येतो. दुपारची वेळ. रेडिओ गरम पाणी आणायला आतल्या दारापाशी गेला आणि तिथंच उभा राहिला. आत बायको लेकीची वेणी घालत होती. घालून झाली, आणि तिनं शेंड्याला दोरा गुंडाळून गाठ मारली.

"अगं," रेडिओ म्हणाला. आवाज त्याचा वाटेना. "ती बट दिलीस ना बाईंना, ती कशी बांधली होतीस?"

"कशी म्हणजे? केस सुटे सुटे होत होते. बारीक वेणी घातली आणि बांधली."

"कुठून बांधलीस?"

"खालून. वेणी काय वरून बांधतात?"

लेकीनं हातातला पेला खाली ठेवला. आधी तिला समजलं, मग आईला. दोरा शेंड्याला होता, म्हणजे बाईंनी जुना समजलेला भागच आत्ताचा होता. आई पुन्हा पुन्हा वेणीच्या गाठीवरून बोट फिरवत राहिली. बाहेर मी साबण घेऊन बसलो होतो, आणि मघाचे दोन घोट मला घशात जाणवू लागले.

बाई तासाभरात आल्या. या खेपेला बट रेडिओनं कापली आणि मुळाकडं दोरा बांधला. "हीच बाजू ना? नीट बघा, हीच ना?" बाईंनी पंपाचं पाणी बाटलीत भरलं. "बटेची वेणी सोडवून कापलेलं टोक कुठलं ते बघायला हवं होतं आम्ही," म्हणाल्या, आणि पंप वापरू नका म्हणून बजावलं. रेडिओनं पाना आणून पंपाचा दांडा काढला आणि पलंगाखाली सरकवला.

निकाल सगळ्यांना ठाऊक असल्यासारखाच लागला. विष मुळाकडे होतं आणि पाण्यातही होतं. रेडिओनं प्रत्येक गिऱ्हाइकाला ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं, हातचं काम थांबवून. ऐकणारा नकळत घसा खाकरायचा.

विहीणबाई लेकीला न्यायला आल्या. मी मुद्दाम पेपर वाचत बसलो होतो.

"आमच्या नळाचं पाणी चालेल ना आता?" त्यांनी विचारलं.

"चालेल," रेडिओ म्हणाला. "मला काय बोलायचं ते बोला, पण रिक्षातून हळू न्या."

पिशवी त्यांनीच उचलली.

नातू झाला. वजनानं कमी, पण डोक्यावर काळंभोर जावळ. आठवड्यानं बाई रेडिओला म्हणाल्या, "हे केस आईच्या पोटातच उगवलेले. एक बट मिळाली तर बाळापर्यंत किती पोचलं ते कळेल." आणि घाईनं पुढं म्हणाल्या, "घरच्यांची तयारी असेल तरच."

कापणार कोण? विहीणबाई म्हणाल्या, "आजोबांनाच बोलवा. त्यांचा हात हलका आहे."

मी सोबत गेलो होतो. आयुष्यभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवलेला माणूस, पण कात्री बाळाच्या डोक्याजवळ नेऊन तीनदा मागं घेतली. लेक बाळाला मांडीवर धरून बापाच्या हाताकडं बघत होती. शेवटी बारीकसा आवाज झाला. बाळ जागं झालं नाही. रेडिओनं दोरा बांधला, बट उजेडात धरून दोन्ही टोकं पाहिली, आणि बाईंच्या हातात दिली.

निकाल अजून यायचाय. दुकान उघडं असतं. परवा दाढीला बसलो, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त वस्तऱ्याचा आवाज. मीच आपलं काहीबाही सांगत होतो, कोणाचं लग्न, कोणाचा जावई. तो हं हं करत होता. दारावरून आरोग्य खात्याची गाडी गेली, तेव्हा त्याचा हात माझ्या गळ्यावर थांबला, आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तिथंच राहिला.