ठसका न लागलेला चहा

दवाखान्यात तिला कोणी नावाने ओळखत नसे. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक तिला 'थांबा सिस्टर' म्हणत, आणि तेही काही कौतुकाने नव्हे. घशातली श्वासाची नळी निघाली की माणूस पहिल्यांदा पाणी मागतो. आवाज फुटत नाही, ओठांची सालं निघालेली, पण 'पाणी' एवढं ओठांवर बरोबर उमटतं. नातेवाईक बाटली घेऊन तयारच असतात. आणि मध्ये ही बाई हात आडवा घालून उभी.

"अहो, घोटभरच!"

"घोटभरसुद्धा नको. थांबा. मी ओठांवरून ओला बोळा फिरवते."

एवढ्यावरून तिला कजाग, दगडाच्या काळजाची, आणि एकदा तर 'गेल्या जन्मीची वैरीण' अशा पदव्या मिळाल्या होत्या. बढती मिळाली नाही, पदव्यांना मात्र तोटा नव्हता.

पूर्वी ती अशी नव्हती. नळी निघाली की थोडा वेळ जाऊ द्यायचा, चमचाभर पाणी पाजायचं, ठसका लागला तर थांबायचं, नाही लागला तर चहा सुरू. सगळ्याच सिस्टर असं करायच्या. मग विभागात गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्ट बाई येऊ लागल्या आणि त्यांनी हे सोपं गणित उलटं करून टाकलं. "ठसका लागतो तो बरा," त्या म्हणाल्या. "ज्याला काहीच होत नाही, त्याची काळजी करा." बरेच दिवस नळी राहिली की घसा बधिर होऊ शकतो. मग पाणी पोटाकडे जायचं सोडून छातीत उतरतं आणि घशाला पत्ताच नसतो. चोर घरात शिरलाय, पण कुत्रं भुंकत नाही, म्हणून घरधनी निवांत झोपलेला, असा प्रकार. ते ऐकताना तिला आठवले ते 'छान गिळतात' म्हणून वॉर्डात पाठवलेले आणि तापाने फणफणत परत आलेले पेशंट. तेव्हा सगळे म्हणाले होते, आजारच वाईट. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ती त्या दिवसापासून 'थांबा' म्हणायला लागली.

मग तिचे सासरेच त्या विभागात आले. बाबांनी सगळं आयुष्य कापडाच्या दुकानात काढलेलं. गिऱ्हाईक आलं की चहा, गेलं की चहा, आणि कोणी फिरकलंच नाही तर त्या दुःखात चहा. न्यूमोनियाने त्यांना थेट नळीवर नेलं, आणि नळी बरेच दिवस राहिली. ती निघाल्यावर थेरपिस्ट बाईंनी नाकातून बारीक कॅमेरा घालून पाहिलं. पाणी चुकीच्या वाटेने जात होतं आणि बाबा शांत होते. म्हणून नाकातून पोटात जाणारी नळी ठेवून त्यांना घरी पाठवलं. तोंडाने काही द्यायचं नाही. जिभेचे व्यायाम करायचे, कोरडा आवंढा गिळत राहायचा आणि वाट बघायची.

झालं. दिवसभर परक्यांना 'थांबा' म्हणायचं आणि घरी येऊन घरच्यांना.

"माझ्या घरात माणूस पाण्याला महाग झालाय," सासूबाई म्हणत. "तुझे नियम तुझ्या दवाखान्यात ठेव."

"आई, त्यांचा घसा झोपलाय हो."

"मग उठव की! चहा दिला की आपोआप उठेल."

सुरुवातीला ती समजावून सांगायची. पुढे पुढे पायांत गोळे घेऊन घरी आल्यावर तिला तेच तेच बोलवेना. ती नुसतं 'नको' म्हणायची आणि भाजी चिरायला घ्यायची. नवरा परगावी नोकरीला. तो फोनवरून दोघींनाही 'तुझंच बरोबर आहे' असं सांगून मोकळा व्हायचा.

एका दुपारी ती दवाखान्यातली पाळी संपवून आली तर सासूबाई दारातच उभ्या, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"दिला बाई चहा! चांगला अर्धा कप. आणि सांगू? एक ठसका लागला नाही. उगाच घाबरवून सोडलं होतंस."

बाबा खुर्चीत बसले होते, चोरून साखर खाल्लेल्या पोरासारखे. ती खांद्यावरची पिशवी न उतरवताच त्यांच्यासमोर बसली. "बाबा, मोठ्याने 'आ' म्हणा."

'आ' आला, पण ओला, घरघरता.

"आई, ठसका लागला नाही हेच वाईट झालं. चहा छातीत गेलाय."

"म्हणजे मी काय त्यांना मारायला दिला?"

"नाही. पण मरतात माणसं याने."

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द मऊ करायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं. ती घाबरली होती. परक्या माणसांना नळी घालताना तिने किती वेळा मदत केली असेल, पण या तोंडात पुन्हा नळी जाताना तिला बघवणार नव्हतं.

संध्याकाळी ताप चढला. बाबा पुन्हा त्याच विभागात गेले. डॉक्टर म्हणाले, औषधं सुरू केली आहेत, पण दम वाढला तर नळी घालावी लागेल. ती त्या बाकावर पहिल्यांदाच बसली, सासूबाईंच्या शेजारी. बाक फार कडक होता.

बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, "तुला इथे 'थांबा सिस्टर' म्हणतात. ती पलीकडची बाई सांगत होती."

"हं."

"मग मला का नाही गं नीट थांबवलंस?"

"थकले होते, आई."

सासूबाईंनी पदराने तिचं तोंड पुसलं आणि मग स्वतःचं.

श्वासाची नळी लागली नाही. ताप उतरला, बाबा घरी आले, आणि घरात नवीन मास्तरीण तयार झाली. "जीभ बाहेर. अजून बाहेर. आता गिळा. मला फसवू नका, गळ्याची घाटी हलली नाही!" बाबांच्या नाकी नऊ आले. नाकात आधीच नळी होती, हा विनोद त्यांनी पुटपुटत इतक्यांदा केला की सगळ्यांना त्याचा वीट आला.

पुढे थेरपिस्ट बाईंनी चमचाभर साधं पाणी देऊन बघायला सांगितलं. सुट्टीच्या दिवशी तिने बाबांना ताठ बसवलं, तोंड स्वच्छ केलं, हनुवटी खाली घ्यायला लावली आणि चमचा ओठांशी नेला. बाबांनी गिळलं.

आणि ठसका लागला. असा की खुर्ची हलली, चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून धारा लागल्या. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अगं, काय पाजलंस? बघतेस काय नुसती!"

ती हातात चमचा धरून हसत होती आणि रडतही होती. सासऱ्याला ठसका लागला म्हणून एवढी आनंदलेली सून सासूबाईंनी जन्मात पाहिली नव्हती. "जागा झाला, आई," ती कशीबशी म्हणाली. "घसा जागा झाला."

ठसका ओसरला. बाबांनी डोळे पुसले, दम घेतला आणि कोरड्या, स्वच्छ आवाजात विचारलं, "मग आता चहा?"

तिने तोंड उघडलं, पण तिच्या आधी सासूबाईच म्हणाल्या, "थांबा."

ती हातातला चमचा तसाच धरून भिंतीला टेकून बसली.