पाळकसाहेबांसाठी केलेली खुर्ची

रंधा मारायला बसलं की ढलप्या पडणारच. मुद्दाम कुणी पाडत नाही. संध्याकाळी बघावं तर पायाखाली ढीग! आमच्या कंपौंडातल्या गोष्टी अशाच साठल्या. पंधरा-वीस ख्रिस्ती घरं, एक देऊळ, म्हणजे आमचं चर्च, एक विहीर आणि सगळ्यांच्या मधोमध त्या देवळाचे धर्मगुरू, पाळकसाहेब. रोज काहीतरी घडायचंच. मी तिसरी नापास माणूस. पण ढलप्या गोळा करायला शाळा लागत नाही.

मी शिमोन मिस्त्री. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात गेलं, त्या सुमाराचं हे सांगतोय. देवळातली बाकं माझी, व्यासपीठ माझं, दारं-खिडक्या माझ्या. मी केलेली एकही खुर्ची आजवर वाजलेली नाही. बसल्यावर कुईं करते ती खुर्ची नव्हे, ती सुताराची बदनामी!

दुसरं सांगायचं म्हणजे, मी पाळकसाहेबांवर जळायचो. खोटं कशाला बोलू? देव सगळं बघतो, आणि माझी बायको त्याच्या आधी बघते. पाळकसाहेबांचा पांढरा कोट, काळी छत्री, मऊ आवाज. ते शिंकले तरी चार माणसं धावायची. माझ्या अंगठ्यावर हातोडी पडली तर लोक म्हणायचे, "मिस्त्री, हळू ठोका की, पोर निजलंय!"

*

आमच्या शब्बाथशाळेत सलोमीबाई मुलांना शिकवायच्या. दर रविवारी एकच धडा: अधिकाराच्या माणसाला मान द्यायचा. पाळकसाहेब दिसले की उभं राहायचं. उजवा हात कपाळाला लावून "सलाम, पाळकसाहेब" म्हणायचं. ते बसल्याशिवाय बसायचं नाही, विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

आमच्या घरी याची कवायत चालायची. माझी बायको, म्हणजे मार्थाची आई, चुलीपुढनंच ओरडायची, "पाळकसाहेब आले!" की आमची मार्था आणि तिचा धाकटा भाऊ दान्या ताडकन उभे! पाळकसाहेब आलेले नसायचेच. नुसतं नाव काढलं तरी उभी!

एकदा मी उचगावात दिवसभर आढं चढवून आलो. खांद्यावर हत्यारांची पेटी, अंगात घाम, पायात गोळे. दोघं दारात सागरगोटे खेळत होती. मी उभा राहिलो. म्हटलं, बघू, उठतात का.

कुणी उठेना.

"अगं, बाप आलाय!"

मार्थानं मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "दिसलं की! उजेडातनं सर बाबा, गोटा दिसंना झालाय!"

त्या दिवशी माझ्या डोक्यात बसलं. एकदा, फक्त एकदा, ही पोरगी माझ्यासाठी उभी राहिलेली मला बघायची होती. दान्याचं जाऊ द्या, तो वाऱ्यासाठीही उभा राहील. पण मार्था! नऊ वर्षांची, माझ्यासारखीच हेकट. तिचा सलाम म्हणजे सलाम.

*

मार्थाच्या आईनं एक दिवस मला फर्मान काढलं. "मागच्या खेपेला पाळकसाहेब आपल्याकडं ट्रंकंवर बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुर्ची करा!"

व्यासपीठाच्या सागाच्या चार फळ्या उरल्या होत्या. आठ दिवस राबलो. हात टेकायला गोल दांडे, पाठ जरा मागं कललेली, वेताची बैठक. पॉलिश असं की मिशी दिसावी. सुताराला आपलं काम बसून बघावंच लागतं. मी बसलो. पाय लांब केले. असं वाटलं, छत्रपतींचं सिंहासन याच्यापेक्षा बरं नसेल!

"उठा!" मार्थाची आई किंचाळली. "पाळकसाहेबांची हाय ती!"

"अगं, मी केलीय!"

"देऊळसुद्धा तुम्हीच दुरुस्त करता. म्हणून तिथं पाय पसरून झोपता काय?"

झोपतो की, उपदेश लांबला की. पण हे मी बोललो नाही. उठलो. खुर्चीवर टॉवेल घालून ठेवला गेला. मी पाटावर.

*

गडमुडशिंगीचा म्हादबा आम्हाला दूध घालायचा. म्हशीसारखाच गडी, दाराच्या चौकटीत आडवा करून घ्यावा लागायचा. एकदा उन्हातनं आला, चरवी ठेवली, आणि आम्ही बघतोय तोवर टॉवेल बाजूला करून खुर्चीत बसला!

मार्था आणि दान्या ताडकन उभे. हात कपाळाला. त्या खुर्चीत कुणी बसलं की उभं राहायचं, एवढंच पोरांच्या डोक्यात. पोरं उभी म्हणून मार्थाची आई बाहेर येऊन उभी. सगळी उभी म्हणून मीही उठलो. कुणी बोलेना.

म्हादबानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. हळूच डोक्यावरचा पटका काढला आणि खालच्या आवाजात विचारलं, "कोण गेलं म्हणायचं?"

एक मात्र सांगतो. एवढा मोठा गडी बसला, उठला, पण खुर्ची वाजली नाही. मार्थानंच ते सगळ्या कंपौंडात सांगितलं. "म्हादबा बसला तरी कुईं न्हाय केलं आमच्या खुर्चीनं!" मी चार दिवस छाती काढून फिरलो.

*

मग मला अक्कल सुचली. म्हटलं, मान खुर्चीला आहे ना? दूधवाल्याला मिळतो तर मला का नाही?

मार्थाची आई विहिरीवर गेली होती. मी तोंड धुतलं, भांग पाडला, धुतलेला सदरा घातला आणि खुर्चीत बसलो. दोन्ही हात दांड्यांवर. मार्था शाळेतून यायची वाट बघत.

मार्था आली. दप्तर हातात तसंच. माझ्याकडं बघितलं. मी पाळकसाहेबांसारखी मान हलवली.

ती वळली, दाराबाहेर गेली आणि विहिरीकडं तोंड करून बोंब मारली, "आयेऽऽ! बाबा बसलाय बघ खुर्चीत!"

*

सलोमीबाईंनी पुढं धडा वाढवला. नुसते पाळकसाहेब नव्हेत, पोलीस, पोस्टमन, मामलेदार, ज्याला कुणाला अधिकार असेल त्याला मान द्यायचा. मुलांनी हिशेब सोपा करून टाकला. अंगावर खाकी म्हणजे अधिकार!

पेठ वडगावला मेहुण्याच्या घरी बाप्तिस्मा होता. आम्ही मोटारीनं निघालो. गर्दी फार. मिळून दोन जागा मिळाल्या. तिथं पोरांना बसवलं, मी आणि मार्थाची आई दांडा धरून उभे. बाप उभा आहे, याचं कुणाला काही नाही!

एवढ्यात खाकी कपड्यातला कंडक्टर तिकिटं फाडत आला. दोघं ताडकन उभी. "सलाम!"

कंडक्टर खूश. "बसा, बसा, बाळांनो."

"तुम्ही उभं हायसा न्हवं?" मार्था म्हणाली.

"अगं, माझं कामच उभं ऱ्हायाचं हाय!"

"मग आम्ही बी उभंच ऱ्हाणार."

जागा रिकामी बघून मी टेकलो. मार्था माझ्यावर डाफरली, "बाबा, ऊठ! कंडक्टर उभा हाय!" मोटार हसायला लागली. मी उठलो. आता दोन जागा रिकाम्या आणि आम्ही चौघं उभे! मागचा एक म्हातारा म्हणाला, "आरं, बस की रं कंडक्टर, लेकरांचं पाय दुखायल्यात!" शेवटी तो बिचारा आमच्या जागेवर बसला. मग पोरं बसली, त्याच्या शेजारी दाटीवाटीनं. तिकिटं त्यानं बसल्या जागी फाडली, लोकांनीच हातोहात पुढं पोचवली.

उतरताना त्यानं मला विचारलं, "पावणं, ही पोरं कुणाची?"

मी म्हणालो, "पाळकसाहेबांची!"

*

पाळकसाहेब घरी यायचे म्हणजे आमच्याकडं कोंबडी कापली जायची. एरवी माझ्या वाढदिवसालाही पिठलं. तंगडी पाळकसाहेबांच्या ताटात, मला रस्सा. तोही मार्थाची आई डावभर मागं राखून वाढायची, न जाणो पाळकसाहेब परत मागतील!

एकदा जेवण झाल्यावर पाळकसाहेबांनी दान्याला जवळ घेतलं. "दानियल, आपल्या घरी कोण आलं की तुला सर्वांत जास्त आनंद होतो?"

त्यांना वाटलं पोरगं म्हणेल, प्रभू.

दान्या म्हणाला, "तुम्ही!"

पाळकसाहेबांचा चेहरा फुलला. "का बरं?"

"तुम्ही आलासा की कोंबडी हुती! रोज या की!"

मार्थाच्या आईनं तोंडात पदर घातला. पाळकसाहेब मात्र पोट धरून हसले. मी हसलो नाही. त्यांना राग येईल म्हणून मी किती आशेनं बघत होतो!

*

शेवटी मी सलोमीबाईंना गाठलं. देवळाच्या पायरीवरच. "बाई, पाळकांचा मान शिकवता, कंडक्टरचा शिकवता. बापाचा कधी शिकवणार?"

बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मिस्त्री, दहा आज्ञांमधली पाचवी कुणाची? आईबापाचीच ना? याच आठवड्यात पाठ करायला दिलीय. जो चांगली म्हणेल त्याला रंगीत चित्राचं कार्ड."

मी खूश होऊन घरी आलो. मार्था कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून पुटपुटत होती. मी म्हटलं, "मार्था, जरा पाणी दे गं."

"थांब की बाबा! आईबापाचा मान राखायची आज्ञा पाठ चाललीय न्हवं!"

मीच उठून घेतलं. रविवारी कार्ड तिलाच मिळालं. तिनं ते खुर्चीच्या वर, भिंतीला लावलं. पाळकसाहेबांना दिसावं म्हणून!

*

पावसाआधी देवळाची कौलं चाळायला मी वर चढलो होतो. पायाखालचा वासा मोडला. तो वासा माझा नव्हता, माझ्या आधीच्या सुताराचा होता, हे ध्यानात ठेवा! मी खाली आणि पायाचं हाड दोन ठिकाणी.

दवाखान्यात प्लास्टर घालून मला घरी आणून टाकलं. पाय उंच ठेवायचा होता. उशी ठेवली की सरकायची, गाठोडं ठेवलं की कलंडायचं. मग मार्था भिंतीला टेकून बसली आणि माझा पाय तिनं मांडीवर घेतला. प्लास्टरचा पाय म्हणजे ओला ओंडका. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि ओंडका मांडीवर घ्यायची. मी म्हणायचो, "जा, खेळ जा." ती म्हणायची, "गप पड."

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला छत्रीची टोकटोक ऐकू आली. पाळकसाहेब! आता मार्थाची आई धावणार, पोरं सलाम ठोकणार, आणि मी आडवा पडून खालनं ते बघत बसणार. मला नको होतं. मी डोळे मिटले आणि घोरायला लागलो.

दान्या ताडकन उठल्याचं कळलं. "सलाम, पाळकसाहेब!"

दुसरा सलाम आला नाही.

"मार्था!" तिची आई दात आवळून म्हणाली. "पाळकसाहेब आल्यात. ऊठ!"

माझ्या पायाखालची मांडी हलली नाही.

"अगं ऊठ की! शिकवलं काय न् करतीस काय?"

"बाबा निजलाय," मार्था म्हणाली. "पाय लई ठणकत हुता त्याचा. आत्ता डोळा लागलाय. हळू बोला."

हे आईला नव्हतं. पाळकसाहेबांना होतं! न विचारता!

ते ऐकून माझं घोरणंच थांबलं होतं, ते घाईघाईनं परत सुरू केलं.

पाळकसाहेब अगदी कुजबुजत म्हणाले, "असू दे, असू दे. मी इथं खुर्चीवर बसतो. गप्प बसतो."

"नको, पाळकसाहेब," मार्था म्हणाली. "खुर्ची वाजती."

मी पापणी जराशी उघडली. पाळकसाहेबांनी छत्री भिंतीला लावली, टोपी काढून हातात धरली आणि माझ्या पायथ्याशी उभ्यानंच प्रार्थना केली. ओठातल्या ओठात. चांगली लांब.

मी घोरत राहिलो.