सहावा स्क्रू

वाळूजला एकामागून एक कारखाने उभे राहत होते, त्या काळात मी तिथल्या एका कारखान्यात डिझायनर होतो. स्कूटरच्या मीटरचे कव्हर हे माझे पहिले काम. त्याचे ड्रॉइंग साहेबांनी केबिनमध्ये काचेत लावले होते. खाली माझी सही, जरा जास्तच मोठी. कव्हरला सहा स्क्रू होते. सहावा मी कडेखाली लपवला होता, सौंदर्यासाठी.

लाइनीवर हे कव्हर बसवायला पाचोडकडचा एक जण होता. घरी मेंढरं, याला कारखान्यात कायम होण्याची आशा. पण त्याची कव्हरं वेळेत होत नसत. चौकशी झाली तेव्हा मी ऐटीत लिहून दिले, 'डिझाइनमध्ये दोष नाही. कामगार संथ आहे.' महिनाअखेर त्याला काढायचे ठरले.

तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर बंद झाले. शिफ्टच्या बस निघाल्या नाहीत, लाइनीवरचे निम्मे लोक मोर्चात होते. वाळूज गावात खोली घेऊन राहणारे तेवढे सायकलवर आले. त्यात तो होता आणि मीही. साहेबांनी टाय सावरून भाषण केले, की आज लाइन ऑफिसवाले चालवतील. मला माझ्याच कव्हरवर बसवले, त्याच्या शेजारी.

पाच स्क्रू बसले. सहाव्याला स्क्रूड्रायव्हर तिरका जाई, स्क्रू निसटून आत पडे, मग कव्हर उलटे करून खुळखुळ्यासारखे हलवायचे. मी बराच वेळ हलवत होतो.

"तहसीलदार व्हय?" त्याने मान न उचलता विचारले.

"कोण?"

"त्या सहाव्याला समदे तहसीलदार म्हणतेत. एक तर जाग्यावर घावत नाय. घावला तरी लई चकरा मारल्याबिगर काम होत नाय."

नावाचे महत्त्व त्या दिवसांत शहराला कुणी शिकवायची गरज नव्हती. मला होती.

"अहो, मग मला सांगायचं ना!"

"काचंत लावलंय म्हणले. काचंतल्या देवाला कोण बोलणार, साहेब?"

लाइन हसली. मीही हसलो, दुसरे काही करण्याजोगे नव्हते. मग त्याने आपला जेवणाचा डबा पुढे केला आणि झाकण दाबले. खट्‌!

"असा खटका द्या की. स्क्रू कशाला पायजे?"

मी चौकशीचा कागद परत मागून घेतला, 'दोष नाही'चे 'दोष आहे' केले, 'कामगार' खोडून 'डिझायनर' लिहिले आणि खटक्याच्या नव्या ड्रॉइंगसकट साहेबांना दिला. त्यांना विनोद कळला नाही, दुरुस्ती कळली. खटक्याचे पहिले कव्हर आले तेव्हा त्यांनी स्वतः घड्याळ हातात धरले. त्यांना घड्याळाकडे नीट बघताही आले नाही, तोवर याचे कव्हर बसले होते.

कायम झाल्याचे पत्र खिशात घालून तो माझ्या टेबलाशी आला.

"तहसीलदाराची बदली झाली म्हणायची, साहेब," तो म्हणाला. "मी मातर इथंच."